ब्रेटन वूड्सचे हॉटेल आणि आपले चिंतामणराव

आपली मंडळी अमेरिकेला गेली की नायगारा, न्यूयॉर्क आणि डिस्नेलँड करून येतात. माझा आग्रह आहे की जमल्यास न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वूड्सलाही जावे. तेथे माउंट वॉशिंग्टन नावाचे जुने, प्रशस्त हॉटेल आहे. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, लांबच लांब व्हरांडा आणि समोर त्याच नावाचा ६,२८८ फुटांचा पर्वत. आपल्या कळसूबाईहून थोडा उंचच.

कोळसा आणि रेल्वेत गब्बर झालेल्या जोसेफ स्टिकनी यांनी इटालियन कारागीर आणून हे हॉटेल बांधले. ते १९०२ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी स्टिकनी वारले. बॉस्टन-न्यूयॉर्कचे श्रीमंत लोक उन्हाळ्यात ट्रंका आणि नोकरचाकर घेऊन आगगाडीने यायचे व चांगला लांबलचक मुक्काम ठोकायचे. मोटारी आल्या आणि ती चाल मोडली. त्या डोंगरांतली अशी बरीच हॉटेले जळाली, काही पाडली गेली. हे राहिले.

पण माझ्या मते त्याचे मोठेपण झुंबरांत नाही. युद्धामुळे बंद असलेले हे हॉटेल घाईघाईने डागडुजी करून उघडले गेले आणि जुलै १९४४मध्ये ४४ देशांचे प्रतिनिधी तेथे तीन आठवडे बसले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथलाच. भारताच्या शिष्टमंडळात होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, १९१२च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा माणूस!

गंमत बघा, आपण तेव्हा गुलाम, पण धनको. युद्धखर्चापोटी ब्रिटन आपले देणे लागत होते. युद्ध संपेपर्यंत ती रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. हे येणे मोकळे करण्याची सोय नाणेनिधीने करावी, ही आपली मागणी मान्य झाली नाही. मात्र निधीत वाटा चांगला मिळाला आणि रशिया बाहेर राहिल्याने भारत पहिल्या पाचांत आला.

स्वातंत्र्याला तीन वर्षे असताना आपली माणसे जगाच्या पंक्तीला बसून हिशेब मागत होती, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? म्हणून म्हणतो, नातवंडांना तिथे न्या. आणि नुसते फोटो काढू नका, चिंतामणरावांची गोष्टही सांगा.