विश्लेषण : वृद्धाश्रमाचा दर्जा कशावरून ओळखायचा?

वृद्धाश्रमाची चौकशी करायला गेलेल्या कुटुंबाला आधी बाग, मंदिर, टीव्हीची खोली आणि दरपत्रक दाखवले जाते. पण अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आईला त्या बागेचा उपयोग किती? तिच्या दृष्टीने दर्जा ठरतो तो तिची देखभाल करणाऱ्या माणसांवरून.

नेमके काय विचारावे?
पहिला प्रश्न रात्रीचा. रात्री किती ज्येष्ठांमागे किती मावशी वा सेवक जागे असतात? त्यांत प्रशिक्षित परिचारिका आहे का? अंथरुणावरच्या व्यक्तीची कूस ठरावीक वेळाने बदलावी लागते. ते झाले नाही, तर माकडहाडावर, टाचांवर बेडसोअर होतात. हात कमी असले की हे काम रात्री हमखास राहते.

दुसरा प्रश्न नोंदींचा. गेल्या सहा महिन्यांत किती जणांना बेडसोअर झाले, किती जण पडले, कोणाचे वजन घटले? ‘आमच्याकडे असे काही होतच नाही’ हे उत्तर आश्वासक वाटते. पण वही दाखवता येत नसेल, तर त्याला अर्थ नाही. झोपेचे औषध कोणत्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिले जाते, हेही विचारावे. आणि एकदा तरी न कळवता, जेवणाच्या वेळी जावे. ज्यांचे हात थरथरतात, त्यांना भरवायला कोणी बसते, की ताट तसेच परत जाते?

कायदा काय सांगतो?
ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ वृद्धाश्रमांचे निकष ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवते. ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष सुचवणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पण ती लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित होईपर्यंत ते मंजूर झाले नाही.

अन्य देशांत काय होते?
अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना एक ते पाच तारे दिले जातात. तपासणी, मनुष्यबळ आणि रहिवाशांची प्रकृती हे त्याचे आधार. सुरुवातीला मनुष्यबळाची माहिती संस्थाच देत. तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरल्याने पुढे पगारपत्रकावर आधारित नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. माहिती मागणे पुरत नाही, ती पडताळावीही लागते, हा त्यातला धडा.

मग इथे काय करावे?
देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या संस्थांना कागदपत्रांचे ओझे झेपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण रात्रीचे सेवक, बेडसोअर, पडण्याच्या घटना आणि वजन घटलेले ज्येष्ठ, हे चार आकडे दरमहा फलकावर लिहायला एक खडू पुरतो. ते पडताळण्याची जबाबदारी सरकारची. तोवर कुटुंबांनी खोलीचे भाडे विचारण्याआधी हे चार आकडे विचारावेत.