आधी पान उलटून बघा

पावसाळ्यात परसातल्या वालाच्या वेलावर, जास्वंदीवर मावा पडतो. कोवळे शेंडे चिकट, काळपट होतात आणि आपण लगेच हाक मारतो, "अहो, शेतातलं औषध उरलंय का थोडं?" कपाशीसाठी आणलेल्या बाटलीतलं झाकणभर बादलीत पडतं, वेलावर शिंपडलं जातं आणि चौथ्या दिवशी त्याच वेलाच्या शेंगा आपल्या भाजीत येतात. तापाला देतो तेही औषध आणि हेही औषधच! मला तर वाटतं, या एका शब्दानेच आपली फसगत केली आहे.

मी नांदेडला राहते, माहेर लातूरकडचं. इकडे कपाशी, तिकडे सोयाबीन-तूर. बचत गटाच्या निमित्ताने दोन्हीकडच्या परसात डोकावते. तऱ्हा एकच, किडा दिसला की मारायचा. तो कोण, काय खातो, कुणी विचारत नाही.

मावा पडलेल्या शेंड्याजवळचं पान एकदा उलटून बघा. काळपट, लांबुळकी, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा सुसरीसारखी अळी दिसेल. किळस येते खरी, आणि बहुतेक जणी तिला तिथेच चिरडतात. ती असते ढालकिड्याची अळी. लाल-पिवळ्या पाठीवर काळी नक्षी असलेला, मसुराच्या डाळीएवढा तो गोल किडा आपल्याला आवडतो, मुलं त्याला हातावर चालवतात. पण त्याचं लेकरू आपण ओळखत नाही! ही अळी दिवसाला डझनावारी मावा फस्त करते. कधी पानावर केसासारख्या देठाच्या टोकाला पांढरं अंडं दिसतं. ते क्रायसोपाचं. त्याची अळीही मावाच खाते. मुंग्या मात्र मावा खायला आलेल्या नसतात बरं का. माव्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा चाटायला त्या येतात आणि उलट ढालकिड्यांनाच हुसकावतात.

भिंतीला मातीचं घर करणारी कुंभारीण अळ्या नाहीतर कोळी पकडून आपल्या पिलांसाठी आत कोंडून ठेवते. माझ्या सासूबाई ते घर मोडू देत नसत. खंडोबाचा किडा, म्हणजे हात जोडून बसलेला तो हिरवा प्रार्थना कीटक, मिळेल ते खातो. मधमाशीलाही सोडत नाही, तेव्हा त्याला अगदीच साधू समजू नका. दिव्याखाली बसणारी पाल विषारी नसते, ती किडेच टिपते.

आता विष मारल्यावर काय होतं ते बघा. मावा मरतो, तसे ढालकिडेही मरतात. माव्याची मादी नराशिवायही पिलं देते, आणि ती पिलं आठ-दहा दिवसांत पुन्हा वाढायला लागतात. ढालकिड्याला अंड्यातून पूर्ण वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे मावा आधी परततो, त्याला खाणारा मागे राहतो. मग आपण पुन्हा बाटली काढतो.

शेतातही हेच. २००८ साली मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळीने धुमाकूळ घातला. त्यानंतर कृषी खात्याने क्रॉपसॅप प्रकल्प सुरू केला. त्याचं सूत्र साधं: आधी शेतात जाऊन किडी मोजा, नुकसानीच्या पातळीवर गेल्या तरच फवारा. जे शेताला लागू, ते परसाला का नको?

आणि हा प्रश्न फक्त शेंगांचा नाही. फवारणीचं पाणी आपण भरून देतो, फवारणीचे कपडे आपणच धुतो, तेही पोरांच्या कपड्यांत घालून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. उरलेली बाटली कुठे असते? ज्वारीच्या कोठीमागे, माळ्यावर. रागाच्या, निराशेच्या एका क्षणी ती हाताशी असते. पुढचं मी लिहीत नाही, आपल्याकडच्या प्रत्येक गावाला ते माहीत आहे. श्रीलंकेने १९९०च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, तेव्हा पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि भाताचं उत्पन्न काही घटलं नाही. म्हणून मी गटात आग्रहाने सांगते, बाटली घरात नको. शेतावर कुलपात ठेवा आणि किल्ली एकाकडेच असू द्या.

परसासाठी मावा पाण्याच्या जोरदार धारेने झाडून काढा आणि आठ दिवस थांबा. नाहीच भागलं तर ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, ते पाणी एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा.

वांग्यावर मात्र जपून. तिथे ढालकिड्यासारखाच दिसणारा, पण मळकट तांबूस आणि २८ ठिपक्यांचा एक भुंगा असतो. तो पानं खरवडून खातो, नुसती जाळी उरते. त्याला भल्या सकाळी, सुस्त असताना वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. त्याची पिवळी, काटेरी अळी पानाखाली असते, तीही.