जुनी मोटरबोट घेताना आधी इंजिनाची ताकद पाहा

पेण आणि रोहा तालुक्यांतील आपली बरीच माणसे आखातात घाम गाळून परत येतात. गाठीला थोडी रक्कम असते. दुकान टाकावे की टेम्पो घ्यावा, असा विचार चालू असतो. अलीकडे त्यात आणखी एक बेत ऐकू येतो. मुंबईत हौशी मंडळींनी वापरलेली, केबिन असलेली फायबरची मोटरबोट स्वस्तात घ्यावी आणि खाडीत पर्यटकांना फिरवावे. बेत वाईट नाही. पाण्यावरची तिजारत कोकणी मुसलमानाला नवी नाही. आपले वडीलधारे तांडेल होते, खलाशी होते. एके काळी मुंबईची आगबोट धरमतरला लागे आणि पेणचा उतारू तेथून पुढे जाई. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात अंबा नदीचा धरमतर खाडीपासून नागोठण्यापर्यंतचा 45 किलोमीटरचा पट्टा आणि कुंडलिकेचा रेवदंड्यापासून रोहा-अष्टमी रस्त्यावरील पुलापर्यंतचा 31 किलोमीटरचा पट्टा आला आहे. पाणी आपल्या दाराशी आहे. प्रश्न आहे तो बोट पारखण्याचा.

आमचा धंदा कापडाचा. कापडाचा व्यापारी ठाणावरची चकचकीत चिठ्ठी पाहून माल उचलत नाही. तो घडी उलगडतो, पोत बोटांनी चाचपतो, कापड उजेडात धरतो. बोट घेणारे मात्र गाद्या, रंग, काचा आणि गाण्याची मशीन पाहून भुलतात. इंजिनाबद्दल एकच प्रश्न विचारतात, "किती हॉर्सपॉवर?" आणि आकडा मोठा असला की समाधान मानतात. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न अर्धाच आहे. ही ताकद या बोटीला, एवढ्या वजनाला आणि आपल्या खाडीच्या ओढीला पुरेल काय, हा पूर्ण प्रश्न आहे.

ताकद किती असावी?

बोटी दोन जातींच्या असतात. एक पाणी कापत जाणारी, जड, खोल तळाची. दुसरी वेग घेतला की पाण्यावर उचलून सरकणारी, हलकी, सपाट तळाची. पहिल्या जातीच्या बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 1.34 ने गुणावे. 30 फुटांच्या बोटीला सुमारे सव्वासात नॉट येतात. त्यापुढे इंजिन दुप्पट केले तरी बोट फारशी पळत नाही. तिची शेपटी पाण्यात बसते आणि डिझेल जळते.

अशा बोटीला भरलेल्या वजनाच्या दर टनामागे चार ते पाच हॉर्सपॉवर हा ढोबळ हिशेब आहे. माणसे, पाणी, इंधन धरून बोट सहा टन भरत असेल तर 24 ते 30 हॉर्सपॉवर प्रत्यक्ष लागतात. त्यावर तिसरा हिस्सा राखीव धरावा, म्हणजे 40 च्या आसपासचे इंजिन योग्य. इंजिनाच्या पाटीवरचा आकडा पुष्कळदा थोड्या वेळापुरत्या सर्वांत जास्त ताकदीचा असतो. तासन्तास देता येणारी ताकद त्याहून कमी असते, आणि जुन्या इंजिनात ती आणखी घटलेली असते.

दुसऱ्या जातीच्या बोटीला पाण्यावर उचलण्यासाठी टनामागे 40-50 हॉर्सपॉवर लागतात. दीडशेची दोन पेट्रोल इंजिने पूर्ण वेगात ताशी शंभर लिटरच्या आसपास पेट्रोल पितात. श्रीमंताच्या रविवारच्या हौसेला ते चालते. रोज भाडे मारणाऱ्याने आधी हा हिशेब कागदावर मांडावा. अशा बोटीची मोठी इंजिने काढून लहान बसवली तर ती वरही उचलत नाही आणि पाणीही नीट कापत नाही.

ओहोटी हिशेब चुकता करते

कमी ताकदीची बोट शांत पाण्यात गोड वाटते. तिची खरी परीक्षा ओहोटीत होते. समजा ओढ तीन नॉटची आहे आणि दहा सागरी मैल उलटे जायचे आहे. सात नॉटची बोट प्रत्यक्ष चार नॉटने पुढे सरकेल आणि अडीच तासांत पोहोचेल. पाच नॉटची बोट दोनच नॉटने सरकेल, तिला पाच तास लागतील. वेगात फरक दोन नॉटचा, पण वेळ दुप्पट! ओहोटी साधारण सहा तास चालते. तोवर पाणी उतरते, वाट अरुंद होते, आणि बोट चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत माणसे अडकून पडतात. त्यात वारा उलटला आणि इंजिन तापले, तर गोष्ट भाड्याची राहत नाही, जिवाची होते.

कशी तपासावी?

बोट उधाणाच्या दिवसांत पाहावी. यासाठी आपले हिजरी कॅलेंडर पुरे. चंद्राच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आणि पंधरा ते सतराच्या सुमारास ओढ जोराची असते. आठ-नऊच्या सुमारास भांगाची भरती असते, त्या दिवशी कोणतीही बोट बरी वाटते.

गेल्यागेल्या इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवले आहे, असे समजावे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात चालू झाले पाहिजे. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. धूर काळा राहिला तर इंजिनावर भार जास्त आहे किंवा हवा कमी मिळते. निळा असेल तर तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर आत पाणी जात असावे किंवा डिझेल नीट जळत नसावे. थंड करणाऱ्या पाण्याची वाट नीट पाहावी, कारण आपल्या खाड्यांचा गाळ तीच आधी बंद करतो.

मग वाळूची पोती भरावीत. वीस उतारूंची बोट असेल तर पन्नास किलोची तीस पोती. ओहोटीच्या उलट तासभर पूर्ण वेगात चालवावी. तापमान वाढू नये, तेलाचा दाब पडू नये. कंपनीने ठरवलेले फेरे इंजिनाने पूर्ण केले पाहिजेत. फेरे कमी पडत असतील तर पंखा मोठा आहे किंवा इंजिन थकले आहे. पंखा बदलणे स्वस्त, इंजिन बदलणे महाग, म्हणून यातले कोणते हे जाणत्या मिस्त्रीकडून सौद्याआधी ठरवून घ्यावे.

ऐब लपवू नये

विकणाऱ्या भावांनाही दोन शब्द. धान्याच्या ढिगाखाली ओल लपवणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारातच कसे टोकले, हे आपल्याकडे मुलांनाही ठाऊक आहे. इंजिनाचा दोष रंगाखाली झाकणे हा त्याच जातीचा गुन्हा आहे. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिक्हने ग्राहकाला दिला आहे. पण खाडीच्या मध्यावर बंद पडलेले इंजिन परत कोणाला करणार?

मुदारबतीने धंदा करणाऱ्यांनी आणखी जपावे. एकाची रक्कम, दुसऱ्याची मेहनत, अशा करारात मेहनत करणाऱ्याचा कसूर नसेल तर नुकसान रकमेवर पडते. म्हणून रक्कम घालणाऱ्याने परीक्षेच्या दिवशी स्वतः बोटीत बसावे.

कागदपत्रांचे थोडक्यात. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने खाडी-नदीतल्या यांत्रिक बोटींना तपासणी आणि नोंदणी बंधनकारक केली आहे. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे विचारपूस केल्याशिवाय बयाणा देऊ नये. बोटीत मोठे फेरफार झाले असतील तर ते मंजूर आहेत काय, हे पाहावे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे 7 मे 2023 रोजी मासेमारीची बोट पर्यटकांसाठी बदलून चालवली जात होती. मर्यादेपेक्षा जास्त माणसे भरलेली ती बोट उलटली आणि 22 जीव गेले. एकाच घराण्यातली कितीतरी माणसे त्यात होती.

उतारू बोटीत पाय ठेवतो तेव्हा आपला जीव अमानत म्हणून मालकाच्या हवाली करतो. ही अमानत सांभाळणारे इंजिन ज्याच्याकडे आहे, त्यानेच हा धंदा करावा. गाद्या पुढच्या वर्षीही बदलता येतील. रक्कम थोडी असेल तर बोट लहान घ्यावी, पण इंजिन पुरेसे घ्यावे. रोजी देणारा अल्लाह आहे. पारख करणे आपले काम आहे.