३०६ ठिपक्यांची किटली

मुलांच्या मासिकांत एक कोडे हमखास असते. पानभर नुसते ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी एक आकडा. १ पासून ओळीने रेघा जोडत गेले की कधी बदक निघते, कधी हत्ती. घरातली वडील मंडळी मुलांना शिकवण्याच्या निमित्ताने पेन्सिल हाती घेतात आणि कोडे स्वतःच सोडवून टाकतात! संगणकाच्या पडद्यावरील घनाकृती चित्रांच्या मुळाशी हेच कोडे आहे म्हटले, तर वाचकांना ती थाप वाटेल. पण आहे खरे तसेच. फरक इतकाच की कोड्यात प्रत्येक आकड्याची पाळी सहसा एकदाच येते. संगणकात तोच आकडा हवा तितक्या वेळा पुकारता येतो. सारी गंमत त्या एवढ्याशा फरकात आहे.

एक चौकोनी ठोकळा घ्या. त्याला कोपरे ८. संगणकाला त्रिकोण फार सोयीचे, म्हणून प्रत्येक बाजूचे दोन, असे १२ त्रिकोण पाडायचे. १२ त्रिकोणांचे कोपरे झाले ३६! आता आठच कोपऱ्यांचे पत्ते ३६ वेळा कोण लिहीत बसणार? त्यापेक्षा दोन याद्या कराव्यात. पहिलीत आठ कोपरे, प्रत्येकाची जागा एकदाच. दुसरीत नुसते नंबर : ०, १, २ हा एक त्रिकोण; ०, २, ३ हा दुसरा. (मोजणी शून्यापासून. ही मंडळी १ पासून मोजतील तर शपथ!) नंबरांचा क्रमही महत्त्वाचा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गेलात तर ती बाहेरची बाजू, सुलट गेलात तर आतली, असा बहुधा संकेत असतो.

या शास्त्रातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे चहाची किटली. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात १९७५ साली मार्टिन न्यूएल यांना संगणकावर काढायला एखादी सुबक वस्तू हवी होती. त्यांच्या पत्नीने घरातली किटली सुचवली. न्यूएलनी आलेखाच्या कागदावर तिचे रेखाटन केले आणि ठिपके संगणकाला सांगितले. तिची जी आकडेवारी आज हाती येते, तीत ३२ वक्र तुकडे आहेत. एकेका तुकड्याला १६ ठिपक्यांचा आधार, म्हणजे ५१२ नंबर. पण मूळ ठिपके ३०६ च. शेजारचे तुकडे कडेवरचे ठिपके वाटून घेतात. गंमत म्हणजे पहिल्या किटलीला बूडच नव्हते! ते मागाहून बसवले.

कोणी म्हणेल, यात काय, चार आकडे वाचले. मलाही आरंभी ही नुसती काटकसर वाटली. पण माझी भाची ज्या कामात आहे, ते पाहिल्यावर निराळेच काही दिसले. अपघातात जबडा मोडलेल्या रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून ती जबड्याचे हुबेहूब नमुने यंत्रावर घडवून देते. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर त्या नमुन्यावर टायटॅनियमची पट्टी वाकवून पाहतात. यंत्र एकावर एक पातळ थर रचत जाते. त्याला प्रत्येक थरात आत कोणते आणि बाहेर कोणते हे कळावे लागते. आणि या कामी सर्रास वापरली जाणारी ‘एसटीएल’ नावाची फाईल नंबर ठेवतच नाही. प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही कोपरे स्वतंत्र लिहितो.

“मामा, एकच कोपरा सहा त्रिकोणांत सहादा लिहिलेला असतो,” ती म्हणाली. “त्यातला एक केसभर सरकला, की तिथे फट पडते. मग यंत्राला आत-बाहेर कळत नाही.”

दोन याद्या असत्या, तर कोपरा एकच. तो हलला की सहाही त्रिकोण त्याच्यामागून हलले असते. म्हणून भाची आधी विखुरलेले ठिपके पुन्हा जुळवते आणि त्यांना नंबर देते. हे कामही संगणकच करतो, पण किती जवळचे ठिपके एकच समजायचे, हे त्याला माणसाने सांगावे लागते. अंतर फार कमी धरले तर फटी राहतात. जास्त धरले तर दाताच्या मुळापाशी हाडाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि पापुद्राच नाहीसा होतो.

परवा तिने एका तरुण मुलाच्या जबड्यासाठी तो आकडा तीन वेळा बदलला. तिसऱ्या खेपेला पापुद्रा शाबूत राहिला आणि फटीही मिटल्या. रात्री अकराला यंत्र सुरू झाले. सकाळी नमुना डॉक्टरांच्या टेबलावर होता.