जनुक जोडले, प्रथिन मात्र हरवले

जैवतंत्रज्ञानाचा इतिहास आपण फार घाईने सांगतो : जनुक जोडले, औषध मिळाले. माझ्या मते हे कथन अपुरे आहे.

१९७७ साली कॅलिफोर्नियात इटाकुरा, रिग्ज, बॉयर व सहकाऱ्यांनी सोमॅटोस्टॅटिन या मानवी संप्रेरकाचे कृत्रिम जनुक ई. कोलाय जीवाणूत घातले. पहिल्या प्रयत्नात संप्रेरक सापडलेच नाही. अवघ्या १४ अमिनो आम्लांची ती साखळी जीवाणूची विकरेच पचवीत असावीत, असा कयास निघाला.

मग ती साखळी जीवाणूच्याच बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाच्या आश्रयाला दिली आणि सांध्यावर मेथिओनिन ठेवले. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिनपाशीच साखळी तोडते. सोमॅटोस्टॅटिनमध्ये ते नाही. म्हणून संप्रेरक अखंड सुटले.

१९७८ मध्ये इन्शुलिनच्या २१ व ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या याच युक्तीने स्वतंत्रपणे मिळवून नंतर जोडल्या गेल्या. १९८२ साली अमेरिकेत त्या इन्शुलिनला औषध म्हणून मान्यता मिळाली.

प्रथिन वाचवणे, सोडवणे, शुद्ध करणे ही कामे तळटीपेत ढकलली, की अपयशातून सुचलेली युक्तीही पुसली जाते. विज्ञानाच्या इतिहासकाराने आधी तिचीच नोंद घ्यावी.