हेडसेटमधला बाजार कुणाचा?

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ साली तीन रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिघांच्याही मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, तरी बुद्ध्यंक शाबूत आणि टेबलावरच्या बहुतेक चाचण्यांत गुण चांगले. त्यांना लंडनच्या एका बाजारपेठेत सोडण्यात आले. थोड्या वस्तू विकत घ्यायच्या, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर व्हायचे, टोमॅटोचा भाव आणि फ्रेंच फ्रँकचा आदल्या दिवशीचा दर शोधून काढायचा, एवढेच काम. नियम मोजके: पैसे कमीत कमी खर्चायचे आणि खरेदी करायची नसेल तर दुकानात शिरायचे नाही. तिघांचीही त्रेधा उडाली. कामे अर्धवट राहिली, नियम मोडले गेले.

ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही. ‘मोका’ या बोधनचाचणीत तीसपैकी अठ्ठावीस मिळवणारे गृहस्थ घरी गॅस चालू ठेवून फिरायला जातात, ही तक्रार त्यांची सून सांगते, चाचणी नाही. अडचण अशी की प्रत्येक रुग्णाला बाजारात नेणे कुठल्याच विभागाला परवडत नाही. पावसात तर नाहीच. व्हीआरकडे, म्हणजे आभासी वास्तवाकडे, आपल्या व्यवसायाचे लक्ष गेले ते या अडचणीमुळे, आणि ते योग्यच झाले.

इस्रायलमधल्या संशोधकांनी लंडनच्या चाचणीचे आभासी रूप तयार केले. डेबी रँड, तामार वाइस आणि नोमी कॅट्झ यांच्या ‘व्हीमॉल’मध्ये रुग्ण हेडसेट घालत नाही, कॅमेरा त्याला टिपतो, पडद्यावरच्या दुकानात त्याला स्वतःचीच प्रतिमा दिसते आणि हात पुढे करून तो वस्तू निवडतो. म्हणजे अर्धांगवायूनंतर हात किती पोहोचतो आणि यादी डोक्यात किती टिकते, हे दोन्ही एका बैठकीत दिसते. २००९ साली त्यांनी दाखवले की आभासी दुकानातल्या चुका खऱ्या बाजारातल्या चुकांशी जुळतात.

व्हीआरचे खरे बळ इथे आहे. घड्याळ काढायला लावणारी जुनी चाचणी हेडसेटमध्ये नेऊन बसवण्यात फारसे काही मिळत नाही. कागद-पेन्सिल स्वस्त आहे आणि चार्जिंग मागत नाही. विचार आणि हालचाल ज्या ठिकाणी एकमेकांच्या पायात येतात, तिथे कागद मुका होतो. स्वीडनच्या लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेले निरीक्षण बहुतेकांच्या परिचयाचे आहे: चालताना कुणी बोलायला लागले की जे वृद्ध थांबतात, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत पडणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला खिळण्याचेही तसेच. घरच्या अरुंद दारात पाय अडतो आणि डॉक्टरांसमोरच्या प्रशस्त कॉरिडॉरमध्ये तोच माणूस झपझप चालून दाखवतो. सिडनीच्या संशोधकांनी रुग्णांना पायाच्या पेडलने आभासी दारांमधून ‘चालवले’, तेही एमआरआय यंत्रात झोपवून, आणि ते अडखळणे यंत्रात पकडले.

केंब्रिजचा २०१९ चा अभ्यास याहून सूक्ष्म आहे. सौम्य बोधनऱ्हास असलेले ४५ रुग्ण आणि ४१ निरोगी व्यक्तींनी हेडसेट घालून मोकळ्या आभासी मैदानात त्रिकोणाच्या दोन बाजू चालायच्या आणि मग सुरुवातीची जागा स्वतः शोधायची. अल्झायमर्स ज्या भागातून पसरायला लागतो, त्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सचे हे काम. मज्जाद्रवात अल्झायमर्सच्या खुणा सापडलेले रुग्ण परतीच्या वाटेवर जास्त चुकले. त्यांना वेगळे काढण्यात ही चाचणी कागदावरच्या नेहमीच्या चाचण्यांपेक्षा सरस ठरली.

इतके वाचून हेडसेटची ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली यंत्राची. २०१७ मध्ये नीहॉर्स्टर, ली आणि लाप्पे यांनी एचटीसी व्हाइव्ह तपासला, तेव्हा त्याची आभासी जमीन खऱ्या जमिनीच्या तुलनेत कललेली निघाली. शिवाय क्षणभर ट्रॅकिंग सुटले की तो कल बदलत होता. खेळणाऱ्याला हे जाणवतही नाही. तोलाचे मोजमाप करणाऱ्याच्या अहवालात मात्र ती चूक रुग्णाच्या नावावर जमा होते. हेडसेटमध्ये अंतरे कमी भासतात, हेही जुनेच निरीक्षण. मळमळ-गरगर मोजण्यासाठी केनेडींची सोळा लक्षणांची प्रश्नावली १९९३ पासून उपलब्ध आहे; ती चाचणीच्या आधी आणि नंतर भरून न घेता काढलेले गुण कशाचे, हे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. स्किझोफ्रेनियासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीआरएफकॅट या चाचणीत रुग्ण स्वयंपाकघरातली सामग्री पाहून यादी करतो, बस पकडून नेमके भाडे देतो आणि सुपरमार्केटातून सामान उचलतो. रचना चोख आहे. पण वाण्याच्या काउंटरपुढे उभे राहून “अर्धा किलो तूरडाळ द्या” म्हणण्यात ज्यांचे आयुष्य गेले आणि एसटीत ज्यांच्याकडे कंडक्टर स्वतः चालत येतो, त्या सत्तरीच्या शेतकरी बाईंना ही चाचणी काय विचारते? कार्यकारी क्षमता, की सुपरमार्केटची ओळख? लिहिता-वाचता न येणाऱ्यांना कागदी चाचण्यांत होणारा जाच व्हीआरमुळे टळू शकतो, ही आशा खोटी नाही. देशातल्या साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा ‘लासी-डॅड’ पाहणीचा अंदाज पाहता तर ती मोलाची आहे. पण दृश्य परके असेल, तर अडाणीपणाचा जुना शिक्का नव्या यंत्राने मारला जाईल.

म्हणून तूर्त या मासिकाची भूमिका अशी: हेडसेट निरीक्षणासाठी वापरावा, निदानाच्या ओळीत त्याचा आकडा लिहू नये. ‘कार्यकारी क्षमता कमी’ असे लिहिण्यापेक्षा ‘तीन वस्तूंनंतर यादी विसरल्या, डाव्या फळीकडे पाहिले नाही, वळताना तोल गेला’ हे लिहावे. सरावाची फेरी बसवूनच घ्यावी, उभ्याने करताना कमरेला पट्टा आणि शेजारी माणूस असावा. विक्रेत्याने ‘नॉर्मल रेंज’ दाखवली, तर ती कुठल्या वयाच्या, किती शिकलेल्या आणि कुठल्या गावच्या लोकांवरून काढली, हे लेखी मागावे. बहुतेकदा तिथेच संभाषण थंडावते. आणि ज्या विभागात तीन मीटरची ‘टाइम्ड अप अँड गो’ अजून उलट्या आकडेमोडीसह घेतली जात नाही, त्यांनी आधी खडूने रेघ मारावी.

कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, तेव्हापासून माणसाला त्याच्या रोजच्या कामात पाहण्याची शिस्त इथे रुजलेली आहे. वाण्याचे दुकान, एसटी स्टँड आणि सिग्नल नसलेला रस्ता ही तीन दृश्ये मराठीत तयार करणे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रबंधांच्या आवाक्यातले आहे. एकाच दृश्यावर वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातल्या निरोगी प्रौढांची नोंद केली, तर दरवर्षी सुटे पडणारे छोटे नमुने एकत्र येतील. सुरुवात वाण्याच्या दुकानापासून करावी: त्यात यादी आहे, सुट्टे पैसे आहेत, वरच्या फळीकडे जाणारा हात आहे आणि पिशवी उचलून मागे वळणेही आहे.