अकरावीच्या उंबरठ्यावरचा उन्हाळा आणि पेडणे-डिचोलीच्या विहिरी

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की गोव्यातील विद्यार्थी जूनपर्यंत मोकळा होतो. सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग २०२५ पासून एप्रिलमध्येच भरू लागले. उन्हाचा आणि गैरसोयीचा मुद्दा घेऊन पालकांनी विरोध केला, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, पण वेळापत्रक बदलले ते बदललेच. त्यामुळे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक टप्प्यावर सलग दोन-अडीच महिन्यांची सुट्टी आता अकरावीत पाऊल टाकणाऱ्यांच्याच वाट्याला उरली आहे. या सुट्टीवर शिकवणी वर्गांची नजर असते. नीट आणि जेईईच्या पूर्वतयारीचे फलक मार्च सरण्याआधीच चौकाचौकांत लागतात. पर्यावरण विज्ञानाच्या तयारीचा फलक मात्र कुठेही दिसत नाही, आणि त्याचे कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

या विषयाची ही अवस्था त्याच्या जन्मकथेतच दडलेली आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या प्रत्येक पातळीवर सक्तीचा करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले आणि एनसीईआरटीचा नमुना अभ्यासक्रम देशभर लागू झाला. विषय आला, पण न्यायालयाच्या धाकाने आला. सक्तीचा विषय सर्वांचा असतो, म्हणून बहुधा तो कोणाचाच राहत नाही. व्याख्या, प्रदूषणाचे प्रकार, ओझोनचा थर आणि शेवटी एक प्रकल्प, जो अनेकदा इंटरनेटवरून उतरवून रंगीत पानांत बांधला जातो. पाचवीपासून हेच वाचत आलेला मुलगा अकरावीत पोहोचतो तेव्हा त्याला पर्यावरण म्हणजे निबंधाचा विषय वाटतो. ते मोजमापाचे, आकडेमोडीचे आणि पुराव्याचे शास्त्र आहे, ही कल्पनाच त्याला नसते.

अमेरिकेत उच्च माध्यमिक स्तरावर याच विषयाचा प्रगत अभ्यासक्रम आहे. कॉलेज बोर्डाच्या त्या परीक्षेत ८० बहुपर्यायी प्रश्नांनंतर तीन दीर्घोत्तरी प्रश्न असतात. एकात विद्यार्थ्याला स्वतः प्रयोगाची आखणी करावी लागते, दुसऱ्यात एखाद्या पर्यावरणीय समस्येचे विश्लेषण करून उपाय सुचवावा लागतो, तिसऱ्यात तोच उपाय आकडेमोडीने तोलून दाखवावा लागतो. तिथले विद्यार्थीही या वर्गाची तयारी आधीच्या उन्हाळ्यात सुरू करतात. गोव्याने ती परीक्षा उसनी आणण्याचे कारण नाही. मात्र प्रयोगाची आखणी, समस्येची चिकित्सा आणि हिशेब या तीन कसोट्यांसाठी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांइतकी समृद्ध प्रयोगशाळा क्वचितच कुठल्या विद्यार्थ्याच्या दाराशी असेल.

पेडण्यातील मोपाचे उदाहरण घ्यावे. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याआधी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पाचा पर्यावरण दाखला स्थगित केला होता. 'हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार' या नावाने ते निकालपत्र आज देशभरच्या विधी महाविद्यालयांत अभ्यासले जाते. झाडे तोडावीत की नाही, एवढाच मुद्दा त्यात नव्हता. परिसरातील जंगले आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती अर्जात जशी यायला हवी होती तशी आली नाही, त्यामुळे दाखला देणाऱ्या समितीपुढे निर्णयासाठी लागणारे चित्रच अपुरे होते, हा निकालाचा गाभा होता. फेरतपासणीनंतर जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि पन्नास हजारांहून अधिक झाडांच्या जागी धावपट्टी उभी राहिली. विमानतळ हवा होता की नको, यावर पेडण्यात आजही दोन मते आहेत. पण मूळ नोंद अपुरी असेल तर पुढचा सगळा निर्णय डळमळतो, हा धडा दोन्ही मतांच्या माणसांना सारखाच लागू होतो. पेडण्यातील किती उच्च माध्यमिक वर्गांत हे निकालपत्र विद्यार्थ्यांच्या हाती पडले असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'ओंकार' हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला, तेव्हा मोपा-तांबोसे भागातील शेतकऱ्यांची भातशेती आणि बागायती तुडवली गेली. समाजमाध्यमांवर हत्तीचे कौतुक झाले, शिवारात रात्री जागून निघाल्या. कर्नाटकातील हत्ती तिलारीच्या खोऱ्यात या शतकाच्या सुरुवातीपासून येऊ लागले. ते का येतात, धरण, कालवे, रबर आणि केळीच्या लागवडी यांनी त्यांच्या वाटा कशा बदलल्या, एका हत्तीला दिवसाला किती चारा लागतो, हे सगळे अधिवास आणि धारणक्षमता या पाठ्यपुस्तकी शब्दांचे प्रत्यक्ष रूप आहे. तांबोशातील ज्या घरची केळ गेली त्या घरच्या मुलाला हा धडा शिकवायला लागत नाही. त्याला फक्त तो मोजायला शिकवावा लागतो.

मोरजीच्या तेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उन्हाळ्याच्या सुरुवातीस समुद्राकडे धावतात. ती पाहायला पर्यटक येतात. त्या पिल्लांतील नर किती आणि माद्या किती हे वाळूच्या तापमानावर ठरते, साधारण ३० अंशांच्या वर वाळू तापली की माद्याच अधिक निपजतात, ही गोष्ट किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांनाही क्वचितच माहीत असते. घरट्याला हात लावण्याची गरज नाही, तसे करणे गुन्हाच आहे. वन खात्याच्या परवानगीने घरट्यांपासून दूरच्या वाळूत, दिव्यांच्या झगमगाटातल्या आणि काळोख्या पट्ट्यात, सावलीत आणि उन्हात, एक साधा तापमापक खोचून महिनाभर नोंदी ठेवल्या तरी हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रातून उतरून पायाखाली येतो.

डिचोलीची गोष्ट अधिक अवघड, कारण तिथे अभ्यासाचा विषय आणि घरची चूल एकच आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा आणि भावी पिढ्यांसाठी कायम निधी या अटी आल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले. पुढे लिलाव झाले, डिचोली खनिज गट वेदांताकडे गेला, २०२३ मध्ये जनसुनावणी झाली आणि २०२४ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. या बारा वर्षांत ट्रकमालकांची कर्जे थकली, बार्जी गंजल्या, गॅरेज आणि खानावळी बंद पडल्या. दुसरीकडे शिरगावच्या कोरड्या विहिरींची तक्रार न्यायालयात गेली, पिळगावच्या शेतकऱ्यांनी शेतांतून होणारी खनिज वाहतूक अडवली. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे वडील ट्रक चालवतात आणि दुसऱ्याच्या शेतात लाल गाळ येतो. शिक्षकाने या वर्गात पर्यावरणावर काय बोलावे? बहुतेक शिक्षक ओझोनच्या थरावर बोलतात. तो कोणाच्या शेजारी राहत नाही.

वास्तविक या पेचातून बाहेर काढणारी गोष्ट विज्ञानच आहे. खाणीजवळच्या गावात विहीर आटली, तर दोष खंदकातून उपसलेल्या पाण्याचा, कमी पावसाचा की घरोघरी बसलेल्या पंपांचा? सुनावणीच्या मंडपात यावर आवाज चढतात. उत्तर मात्र मोजणीनेच मिळू शकते. पाऊस कमी झाला असेल तर खाणीपासून दूरच्या गावांतील विहिरीही त्याच प्रमाणात उतरायला हव्यात. खंदकाचा उपसा कारण असेल तर जवळच्या विहिरी अधिक उतरतील, आणि उपसा बंद असलेल्या काळात त्यांची पातळी सावरताना दिसेल. पंपांचा दोष असेल तर पहाटेची आणि संध्याकाळची पातळी यांत मोठी तफावत सापडेल. एक विहीर काहीच सिद्ध करत नाही. खाणीकडच्या दहा आणि सड्याच्या दुसऱ्या उतारावरच्या दहा विहिरी, एकाच दिवशी पहाटे पाणी काढण्यापूर्वी, काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून दोरीला वजन बांधून मोजल्या, तर त्यातून बोलता येईल असे काही हाती लागते. प्रयोगाची आखणी म्हणतात ती हीच, आणि तिला दोरी, मोजपट्टी आणि वही यापलीकडे काही लागत नाही.

हिशेबही अवघड नाही. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर साधारण १४ हजार लिटर साठा होतो. रोज दहा सेंटिमीटर पातळी उतरत असेल तर दिवसाला सुमारे ७०० लिटर. घरातील माणसे किती, बागेला पाणी किती, उरलेले कुठे गेले? दहावीच्या गणितात हे सगळे बसते. गोव्यासारख्या दरवर्षी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात मे महिन्यात टँकर का येतो, या प्रश्नाकडे जाणारी वाट याच आकड्यांतून जाते. जांभ्या दगडाचा सडा पावसाळ्यात पाणी पितो आणि पायथ्याच्या झरींतून ते हळूहळू सोडतो, हे आजोबांना ठाऊक असते. सडा कापला की काय होते, ते नातवाने मोजावे.

सुट्टीत वाचनही हवे, पण ते मार्गदर्शिकांचे नव्हे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. हा सारांश पंचायतीत येतो, कपाटात राहतो. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अकरावीत जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावची ती नोंदवही मागून वाचावी, आणि तिच्यात आपल्या घरामागची तळी, वायंगण शेती, खाजनाची मानस, आगरवाड्याची मिठागरे नीट नोंदली आहेत का ते पाहावे. चूक सापडली तर ती दाखवणे हाच त्याचा पहिला प्रकल्प. आज जनसुनावणीत सल्लागार कंपनीचा तज्ज्ञ तक्ते दाखवतो आणि गावकरी पोटतिडकीने बोलतात; इतिवृत्तात तक्ते ठळक उमटतात आणि पोटतिडीक एका ओळीत आटोपते. त्या तक्त्यातील विहिरींचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले, असा एकच प्रश्न विचारू शकणारी वीस मुले गावात असली तर सुनावणीचा रंग वेगळा असेल.

हे सर्व विद्यार्थ्याच्या हौसेवर सोडून चालणार नाही. सत्तरीतील केरी येथे राजेंद्र केरकर यांनी विवेकानंद पर्यावरण फौजेच्या माध्यमातून मुलांना रानावनांत नेण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. तसे प्रत्येक तालुक्यात उभे राहणे व्यक्तींवर अवलंबून राहते. शालान्त मंडळाने उच्च माध्यमिक प्रकल्पाचे गुण उन्हाळ्यातील अशा क्षेत्रनोंदींना जोडले, नोंदवहीवर तारीख, वेळ आणि जागा असल्याशिवाय ती स्वीकारायची नाही असा साधा नियम केला, तर रंगीत पानांचा बाजार बराच आवरेल. सीयूईटीत पर्यावरण विज्ञान स्वतंत्र विषय म्हणून आल्यापासून या तयारीला पुढच्या प्रवेशाचाही आधार आहे. पैशांचा प्रश्न येत नाही. शिक्षकांच्या वेळेचा येतो, आणि एप्रिलमध्येच इतर वर्ग भरू लागल्यामुळे तो आता अधिक टोचणारा झाला आहे.

विहिरींची सर्वांत खालची पातळी मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळते. मिरगाचा पाऊस लागला की ती वर चढू लागते, आणि त्या वर्षीची नोंद घेतली नसेल तर ती नंतर कुठूनही मिळवता येत नाही.